वाचकांचे प्रश्न : नोड वाढवले, तरी वेळ का घटत नाही?

प्रश्न : समुद्रतळाखालच्या थरांची प्रतिमा काढायला आम्ही रिव्हर्स टाइम मायग्रेशन (नोंदलेल्या ध्वनिलहरी संगणकात काळात उलट्या चालवण्याची पद्धत) वापरतो. प्रत्येक शॉटची (समुद्रात सोडलेल्या एकेका ध्वनिस्फोटाची) ग्रिड, म्हणजे गणिताच्या बिंदूंची जाळी, सगळ्या नोडांवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) तुकड्यांत वाटतो. 8 नोडांचे 64 केले, तरी वेग जेमतेम दुप्पट झाला. कुठे चुकतंय?

उत्तर : तुकडे पाडण्यातच. एअरगनचा (दाबलेल्या हवेने ध्वनिस्फोट करणाऱ्या यंत्राचा) प्रत्येक शॉट स्वतंत्र असतो, म्हणून आधी शॉट वाटा. शॉट एका नोडच्या मेमरीत मावत असेल, तर तो कापूच नका. आठव्या क्रमाच्या स्टेन्सिलला (बिंदूचं नवं मूल्य आजूबाजूच्या बिंदूंवरून काढणाऱ्या सूत्राला) प्रत्येक बाजूला 4 बिंदूंची शेजारपट्टी, म्हणजे शेजारच्या तुकड्याच्या कडेचे बिंदू, लागते. तुकडा 256 बिंदूंचा घन असेल, तर दर कालपायरीला (गणितातल्या काळाच्या एकेका पावलाला) त्याच्या 9.4 टक्के इतके बिंदू शेजाऱ्यांकडून आणावे लागतात. 64 चा घन केलात की 37.5 टक्के. मग नोड गणित कमी करतात आणि नेटवर्ककडे डोळे लावून बसतात.

शॉट मात्र आधीच समसमान वाटू नका. रांग ठेवा, ज्याचं काम संपेल तो पुढचा उचलेल. नोड बंद पडला, तर त्याचा शॉट पुन्हा रांगेत जाईल.

त्यानंतर अडेल ती डिस्क, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. 6 × 6 × 4 किलोमीटरच्या भागात 10 मीटरची ग्रिड म्हणजे 14.4 कोटी बिंदू. एक तरंगक्षेत्र, म्हणजे एका क्षणी सगळ्या बिंदूंवरची लहरीची मूल्यं, 576 एमबी. कमाल वेग सेकंदाला 4,500 मीटर असेल, तर कालपायरी 0.9 मिलिसेकंद धरा. 1 मिलिसेकंदाच्या वर गेलात की आकडे फुगत जाऊन गणित कोसळतं. परतलेल्या लहरींच्या 8 सेकंदांच्या नोंदीला सुमारे 8,900 पायऱ्या होतात. स्रोताचं तरंगक्षेत्र काळात पुढे चालतं, नोंदींचं मागे, आणि दोघांचा गुणाकार एकाच क्षणी हवा. म्हणून पहिलं साठवावं लागतं. दर दहावी पायरी ठेवली, तरी शॉटमागे 512 जीबी! 64 नोडांनी हे एकदम सामायिक डिस्कवर लिहिलं, तर सगळेच रखडतात. नोडच्या स्वतःच्या एसएसडीवर लिहा; किंवा फक्त कडेची पट्टी साठवून आतलं क्षेत्र उलट दिशेने पुन्हा काढा. गणित सुमारे दीडपट होतं, पण परवडतं. मॉडेलमध्ये खडकांकडून होणारं लहरींचं शोषण धरलं असेल, तर हा उपाय चालत नाही, कारण उलट जाताना त्रुटी वाढत जाते. तिथे ठरावीक अंतराने चेकपॉइंटच (जिथून गणित पुन्हा सुरू करता येईल अशा साठवलेल्या स्थिती) ठेवा.

प्रश्न : 8 आणि 64 नोडांच्या प्रतिमांत शेवटचे अंक जुळत नाहीत. दोष आहे का?

उत्तर : फरक सगळीकडे विखुरलेला आणि नगण्य असेल, तर नाही, बेरजेचा क्रम बदलला की एवढं होतंच. तो तुकड्यांच्या सांध्यांवर रेघेसारखा दिसला, तर शेजारपट्टीची देवाणघेवाण तपासा.