वक्ता नको, हग्गादा उघडा

ज्येष्ठ बेने इस्रायलींसाठी, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांचा कार्यक्रम ठेवताय आणि वक्ता कोण बोलवू, असं विचारलंत. माझं ऐकाल तर कुणालाच बोलवू नका. ठाण्यात आम्ही पहिल्यांदा तेच केलं. वक्त्याने त्यांच्या पूर्वजांचं जहाज कोकणात नवगावला फुटलं तिथून सुरुवात केली. समोरच्यांनी ती गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. दोन आजोबा चक्क घोरायला लागले.

दुसऱ्या खेपेला एकच पुस्तक घेतलं: पुण्यात १८७४ साली छापलेली हग्गादा, म्हणजे पेसाह या ज्यू सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. हिब्रूच्या जोडीला मराठी, आणि छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्रींचा! मूळ प्रत आमच्याकडे नव्हती, म्हणून स्कॅनवरून पानं दुप्पट मोठी करून छापली. त्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, सगळ्या साडीत. एक आजी भिंग लावून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आमची आई अशीच बसायची लाटायला." तिथून जी गाडी सुटली ती त्यांच्या खिरीच्या सणापर्यंत गेली. मराठी मजकूर त्या घडाघडा वाचत होत्या. इस्रायलहून आलेल्या नातवाला हिब्रू येत होतं, मराठी नाही. दोघं आळीपाळीने वाचायला लागले. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं हो!

मुंबईची १८४६ची शिळाछापाची हग्गादाही घ्या, पण दुसऱ्या दिवशी. एका बैठकीला एकच पुस्तक पुरे.

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार टाळा, शब्बाथ, म्हणजे त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो. मूळ प्रत असेल तर पांढरे हातमोजे नकोत, त्यात पानाच्या कडा अडकून फाटतात. हात धुऊन कोरडे केले की झालं. पुस्तक सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना उशा द्या.

कुणी घरची जुनी प्रार्थनापोथी घेऊन आलं तर लगेच "ग्रंथालयाला द्या" म्हणू नका. जीर्ण पवित्र पुस्तकं कब्रस्तानात पुरायची त्यांची रीत आहे, कदाचित तेच मनात असेल. विचारून तिथल्या तिथे स्कॅन करा आणि परत हातात द्या. जमिनीवर तर चुकूनही ठेवू नका.

चहा पुस्तकांपासून लांब, दुसऱ्या खोलीत. खऱ्या गप्पा तिथेच होतात, तेव्हा परवानगी घेऊन रेकॉर्डर तिकडेही लावा.