वाचकांचे प्रश्न : स्टोरेज नेटवर्कच्या स्विचवरचं ट्रंकिंग आणि ऑथेंटिकेशन

प्रश्न : मॅडम, आमच्या सहकारी बँकेत सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे ब्रोकेड कंपनीचे दोन ६५०५ स्विच आहेत, एक मुख्य सर्व्हर रूममध्ये आणि एक मागच्या इमारतीत. दोघांमध्ये चार फायबर टाकल्या, दोन्हीकडे पोर्ट ६, ७, ८ आणि ९. वाटलं चारही मिळून एक ट्रंक, म्हणजे एकच मोठा रस्ता, होईल, पण ट्रंकशो कमांडमध्ये दोन-दोनचे दोन वेगळे ट्रंक दिसतात. आमचे एक सिनियर आधी सिस्कोवर काम करायचे, ते म्हणतात पोर्टवर ट्रंक मोड ऑन करा, पण तशी सेटिंग मला सापडत नाही. ट्रंकिंगचं लायसन्स आहे. काय चुकतंय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सेटिंगमध्ये तुमचं काहीच चुकलेलं नाही, पोर्ट निवडताना चुकलंय. ब्रोकेडचा ट्रंक स्विचच्या आतली चिप बांधते आणि त्यासाठी सगळे पोर्ट एकाच पोर्ट ग्रुपमध्ये लागतात. ६५०५ वर ग्रुप आठ-आठचे आहेत, ० ते ७, ८ ते १५, १६ ते २३. तुमचे ६ आणि ७ पहिल्या ग्रुपात, ८ आणि ९ दुसऱ्यात, म्हणून दोन ट्रंक झाले. केबल ४, ५, ६, ७ वर घ्या, दोन्ही टोकांना, आणि पोर्टचा स्पीड सारखा असू द्या, ट्रंक आपोआप एक होईल. तरी झाला नाही तर पोर्टसीएफजीशो कमांडमध्ये त्या पोर्टचं ट्रंकिंग कुणी बंद करून ठेवलंय का ते बघा, आणि लायसन्स दोन्ही स्विचवर आहे ना तेही, कारण एकीकडचं राहून गेलंय असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

चारही फायबरची लांबी साधारण सारखी ठेवा. फरक ३० मीटरच्या आत असला तर उत्तम, कारण ट्रंकमध्ये एकामागोमाग येणाऱ्या फ्रेम, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वेगवेगळ्या केबलवरून जातात आणि पलीकडे त्याच क्रमाने पोचायला हव्यात, मग जवळच्या केबलला लांबच्या केबलसाठी थांबावं लागतं. ट्रंकशो मध्ये जो डेस्क्यू आकडा दिसतो तो याच थांबण्याचा.

आता सिनियरांचं म्हणणं. ते खोटं बोलत नाहीयेत, फक्त शब्द एक आणि अर्थ दोन आहेत आणि यात भलेभले फसतात. ब्रोकेडवाले ट्रंक म्हणतात तेव्हा अनेक केबल मिळून एक रस्ता, जास्तीत जास्त ८ पोर्टचा. सिस्कोच्या एमडीएस या स्टोरेज स्विचमध्ये ह्याच गोष्टीला पोर्ट चॅनेल म्हणतात, त्यात १६ पर्यंत पोर्ट घेता येतात, आणि तिथलं ट्रंकिंग म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीसॅन, म्हणजे त्याच स्विचवर पाडलेली वेगवेगळी आभासी स्टोरेज नेटवर्क, नेणं. म्हणून तुमच्या ऑफिसात कुणी ट्रंक म्हटलं की आधी विचारा, केबल एकत्र करायच्यात की व्हीसॅन? आणि हो, ब्रोकेडचा ट्रंक दोन्ही बाजूंना ब्रोकेड असेल तरच होतो.

एक गोष्ट मनापासून सांगते, दोन ट्रंक आहेत म्हणून घाबरू नका. दोन्ही रस्ते सारख्या खर्चाचे असल्यामुळे स्विच एक्स्चेंजच्या, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेजमधल्या एकेका देवाणघेवाणीच्या, हिशोबाने लोड वाटतोच. एका ट्रंकमध्ये वाटणी फ्रेम-फ्रेमने होते म्हणून जास्त समान होते, एवढाच फरक. भर दुपारी बँकेचे व्यवहार चालू असताना केबल उपटायची गरज नाही, रविवारी करा.

प्रश्न : नमस्कार. ऑडिटमध्ये आमच्यावर पॉइंट काढलाय की स्टोरेजच्या स्विच-स्विचमध्ये ऑथेंटिकेशन, म्हणजे एकमेकांची ओळख तपासणं, नाही. सगळे ब्रोकेड आहेत, फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी, म्हणजे स्विचची दोन नेटवर्क, वेगळी. मॅनेजर म्हणतात एका रात्रीत दोन्हीकडे ऑथेंटिकेशनची पॉलिसी ऑन करून टाका. मला भीती वाटते. बरोबर आहे का माझी भीती? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे आणि मॅनेजरना हे उत्तर दाखवा. दोन फॅब्रिक ठेवायचं कारणच हे की एक पडलं तरी सर्व्हरला दुसरा रस्ता राहावा. एकाच रात्री दोन्हीला हात लावला तर तो रस्ता आपणच घालवला. आज ए, मग निदान आठवडाभर बघायचं, मग बी.

पॉलिसी समजून घ्या. पॅसिव्ह म्हणजे स्विच स्वतः ओळख विचारत नाही, समोरच्याने विचारली तर उत्तर देतो, मुळात हीच असते. ॲक्टिव्ह म्हणजे विचारतो, पण समोरच्याला ऑथेंटिकेशन येतच नसेल तर चालवून घेतो. ऑन म्हणजे कडक, समोरच्याला येत नसेल किंवा त्याने बंद ठेवलं असेल तर पोर्टच बंद. पण पॉलिसी कुठलीही असो, ओळख विचारली गेली आणि सीक्रेट, म्हणजे स्विचवर भरलेला ओळखीचा गुप्त शब्द, चुकीचं निघालं तर पोर्ट बंद होतोच, म्हणजे ॲक्टिव्ह आहे म्हणून सीक्रेट कसंही भरलं तरी चालेल असं अजिबात नाही.

आणि सीक्रेटमध्येच घोळ होतो. सेकऑथसीक्रेट कमांड समोरच्या स्विचचा डब्ल्यूडब्ल्यूएन, म्हणजे त्याचा एकमेव ओळख क्रमांक, विचारते, मग पीअर म्हणजे समोरच्याचं सीक्रेट, मग लोकल म्हणजे आपलं सीक्रेट. दोन्ही वेगळी असावी लागतात, ८ ते ४० अक्षरांची. पहिल्या स्विचवर जे लोकल तेच दुसऱ्यावर पीअर, आणि उलट. लोक दोन्ही स्विचवर त्याच क्रमाने टाइप करतात आणि तिथेच फसतात, म्हणून आधी कागदावर दोन रकाने काढा, बाण काढा, मगच कीबोर्डला हात लावा.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. एका डेटा सेंटरमध्ये मी एका जोडीचं सीक्रेट उलट भरलं. लिंक आधीच चालू होती, तिची ओळख परत कुणी विचारलीच नाही, सगळं हिरवं दिसत होतं म्हणून मी घरी गेले. काही महिन्यांनी फर्मवेअरच्या कामात तो स्विच रीबूट झाला आणि ती लिंक वर येईना. तेव्हा सीक्रेट कुणाच्याच डोक्यात नाही, आम्ही एसएफपी, म्हणजे पोर्टमध्ये बसणारे फायबरचे मॉड्यूल, बदलत बसलो, केबल बदलत बसलो, दोन तास गेले. दुसरं फॅब्रिक होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून सीक्रेट भरलं की त्याच रात्री, मी तिथे उभी असताना, एकेक लिंक मुद्दाम पोर्टडिसेबल करून परत वर आणते. जे पडायचं ते माझ्या डोळ्यांसमोर पडू दे.

म्हणजे तुमचा क्रम असा : सीक्रेट भरा, पॉलिसी ॲक्टिव्ह करा, लिंक एकेक करून खाली-वर करा, एररडंप या लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये ऑथेंटिकेशनची तक्रार नाही ना बघा, सगळ्या लिंक अशा तपासून झाल्या की मगच ऑन. ट्रंक करायचे बाकी असतील तर ते आधी उरकून घ्या, दोन्ही कामं एकत्र केली तर काय बिघडलं ते कळत नाही. आणि त्या फॅब्रिकमध्ये एखादा जुना स्विच ऑथेंटिकेशनशिवाय राहणार असेल तर त्याच्या शेजाऱ्यावर ऑन करू नका, ॲक्टिव्हवरच थांबा आणि ऑडिटरला तसं लिहून द्या.

प्रश्न : डीएच-चॅप चालू केलं म्हणजे दोन साइटमधला डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो का? – एक वाचक, मस्कत

उत्तर : नाही. डीएच-चॅप, म्हणजे वर सांगितलेली सीक्रेटवाली ऑथेंटिकेशनची पद्धत, फक्त एवढंच ठरवतं की समोरचा स्विच तोच आहे का ज्याच्याकडे सीक्रेट आहे, आणि ते सीक्रेट तारेवरून उघडं जात नाही. त्यानंतर धावणाऱ्या फ्रेम तशाच उघड्या असतात. लिंकवरचं एन्क्रिप्शन ही वेगळी सोय आहे, ब्रोकेडमध्येही आणि एमडीएसमध्येही, ती ठराविक मॉडेलच्या ठराविक पोर्टवरच मिळते आणि तिच्यासाठी ऑथेंटिकेशन आधी चालू असावं लागतं. तुमची फायबर दुसऱ्याच्या जागेतून जात असेल तर स्विच विकत घेतानाच हे विचारून घ्या.