गोव्यात पहिल्यांदाच सर्फिंग करणार आहे. आज वारा-लाटा बऱ्या आहेत हे कसं ओळखायचं?

सकाळी लवकर जा, अर्धं काम तिथेच होतं. शाळेत मतलई आणि खारे वारे पाठ केले होते ना, ते इथे कामी येतात. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा, म्हणजे पुढची बाजू, गुळगुळीत ठेवतो. दुपारी खारा वारा सुटला की पाणी चुरगळतं. दूरवर पांढरे फेसाचे तुरे दिसू लागले तर बोर्ड ठेवा, शहाळं प्या.

मतलई जोराचा असेल तर मात्र सांभाळा, तो तुम्हाला आत खोलात ढकलतो.

लाट कमरेएवढी पुरे. लाटांचा अंदाज देणाऱ्या अॅपमध्ये फक्त उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा: ३ फूट ६ सेकंद आणि ३ फूट १४ सेकंद यांत जमीन-अस्मानाचा फरक, दुसरी बरीच जोरकस.

पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभे राहा. लाटा फुटताहेत आणि मधेच एक शांत, गडद पट्टा दिसतोय? नवख्यांना तीच जागा सोपी वाटते, पण बहुधा तिथूनच ओढ आत जाते. अडकलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर वल्हवा.

जून ते सप्टेंबर नवख्यांनी विचारच करू नये.