गोड्या पाण्यातली बोट घेण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मिशिगन सरोवरावरच्या मस्कीगनच्या बंदरातील छत्तीस फुटी ट्रॉलरची, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या संथ मोटारबोटीची, तू पाठवलेली माहिती मी दोनदा सावकाश वाचली. १९८३ची बांधणी, १२० अश्वशक्तीचे एकच लेहमन डिझेल इंजिन, १,९०० तास, आणि अगदी वरच्या ओळीत 'जन्मापासून फक्त गोड्या पाण्यात'. तुझा जीव या शेवटच्या शब्दांवर जडला आहे, हे तुझ्या प्रश्नांवरून कळते. ते शब्द मोलाचे आहेत, पण मिठाने बोटीचे काय बिघडवले नाही एवढेच ते सांगतात. मालकाने काय केले आणि मिशिगनच्या हिवाळ्यांनी काय केले, हे तुला स्वतः शोधावे लागेल.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते लोखंडाची काय दशा करतात, हे मी लहानपणी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात रोज पाहिले आहे. तुझ्या इंजिनात बाहेरचे पाणी थेट ब्लॉकमधून न फिरता हीट एक्स्चेंजर (इंजिनातली उष्णता बाहेरच्या पाण्यात सोडणारे नळकांडे) आणि तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरमधून फिरते व शेवटी एक्झॉस्टमध्ये मिसळून बाहेर पडते. समुद्रात हेच भाग सर्वांत आधी झिजतात. सरोवरात ते दीर्घकाळ टिकतात, म्हणून अशा बोटीला दोन पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही.

मात्र आधी तो दावा खरा आहे का, हे पाहा. 'ग्रेट लूप' नावाचा जलफेरा करून आलेल्या अनेक बोटी अमेरिकेच्या या महासरोवरांत आहेत. शिकागोहून नद्यांच्या वाटेने मोबिलपर्यंत, मग फ्लोरिडाला वळसा घालून अटलांटिकच्या किनाऱ्याने न्यूयॉर्क आणि पुढे हडसन नदी व एरी कालव्यातून परत, असा तो सुमारे ९,६०० किलोमीटरचा फेरा आहे आणि त्याचा बराच भाग खाऱ्या पाण्यातून जातो. विक्रेता खोटे बोलत असेल असे नाही, त्याच्या आधीच्या मालकाने काय केले हे कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. बोट तटरक्षक दलाकडे नोंदलेली असेल, तर मालकांची साखळी नोंदीतून मागवता येते. तळाचे अ‍ॅनोडही पाहा, म्हणजे बाकीचा धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लावतात, कारण झिंकवर थर जमून ते तिथे निकामी होते. झिंक सापडले, तर एकतर बोट समुद्र पाहून आली आहे किंवा मालकाला हा फरक माहीत नाही, आणि दोन्ही गोष्टी तुला कळायला हव्यात.

आता हिवाळ्याविषयी, कारण मला स्वतःला तिथेच फटका बसला. एरी सरोवरावर घेतलेली माझी पहिली बोटही फक्त गोड्या पाण्यातली होती. आधीच्या मालकाने इंजिनात गुलाबी अँटिफ्रीझ नीट भरले होते, पण सीकॉकच्या (बोटीच्या तळातून पाणी आत घेणाऱ्या झडपेच्या) वरची पाण्याची गाळणी रिकामी करायची राहून गेली होती. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. वसंतात बोट पाण्यात उतरवून मी सीकॉक उघडला, तेव्हा गाळणीच्या पितळी बुडाशी केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून थेंबामागून थेंब येत होता. त्या रात्री मी बोटीवर मुक्काम केला नसता, तर सकाळपर्यंत बिल्ज, म्हणजे बोटीचा तळखण, भरले असते. म्हणून गाळणी, एक्स्चेंजरची टोके, जनरेटर आणि गरम पाण्याची टाकी यांवर बॅटरीच्या उजेडात हात फिरवून पाहा, आणि हिवाळी तयारी दरवर्षी कोणी केली याच्या पावत्या माग.

दुसरी गोष्ट लाकडाची. मीठ लाकूड टिकवते आणि पावसाचे गोडे पाणी ते कुजवते. त्या काळच्या बऱ्याच ट्रॉलरच्या डेकवर सागाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे खालच्या गाभ्यात पाणी जाण्याची एक वाट असते. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेक ठोकत जा. टणक, कोरडा आवाज येत असेल तिथे पुढे जा, आणि भदभद वाजेल तिथे थांबून खडूने खूण कर. खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि कठड्याच्या खांबांची बुडे सोडू नकोस. तळावरचे फोडही गोड्या पाण्यात अधिक येतात, कारण ते पाणी जेलकोटमधून (फायबरग्लासवरच्या बाहेरच्या थरातून) अधिक सहज आत शिरते. मात्र थोडे फोड दिसले म्हणून घाबरू नकोस. ओला डेक त्याहून कितीतरी महागात पडतो.

इंजिन पाहायला जाशील तेव्हा ते थंड असले पाहिजे, हे आधीच बजावून ठेव. तू पोहोचण्यापूर्वी कोणी ते तापवून ठेवले असेल, तर त्या दिवशी परत फिर, कारण सुरू होतानाचे दोष थंड इंजिनातच दिसतात. चाळीस वर्षांत १,९०० तास ही कमी धाव तुला गुण वाटते, मला मात्र त्यात उभे राहून गेलेले हंगाम दिसतात. उभ्या इंजिनात रबराचा इम्पेलर (पाण्याच्या पंपातले पात्यांचे चाक) वाकलेल्या आकारातच बसतो आणि टाकीच्या तळाशी पाणी साचून डिझेलमध्ये जंतू वाढतात. लेहमनच्या इंजेक्शन पंपाचे तेल वेगळे असते आणि ते दर ५० तासांनी बदलावे लागते. मालकाला हे माहीत आहे का, एवढे सहज विचार. त्याच्या उत्तरावरून बाकीच्या देखभालीचा अंदाज येईल.

तेलाच्या तपासणीबाबत एक बारकावा आहे. समुद्रातल्या बोटीच्या तेलात सोडियम वाढलेले दिसले की ऑइल कूलर गळत असल्याचा संशय येतो. सरोवरातल्या बोटीत ती खूण मिळत नाही, म्हणून अहवालात पाण्याचे प्रमाण मुद्दाम पाहा. शरद ऋतूत तेल बदललेले असेल, तर ताज्या तेलाचा नमुना काहीच सांगणार नाही. अशा वेळी जुने अहवाल माग.

बोट तपासणारा सर्व्हेअर तूच निवड, दलालाने सुचवलेला नको, आणि इंजिनासाठी वेगळा डिझेल मेकॅनिक घे. सध्या बोट प्लास्टिकच्या वेष्टनात जमिनीवर आहे, तेव्हा करारात वसंतातील चाचणीफेरीची अट स्पष्ट लिहून घे आणि तोवर अनामत त्रयस्थाच्या खात्यात राहू दे. त्या फेरीत पूर्ण थ्रॉटलवर इंजिन मिनिटाला ठरलेले फेरे (आरपीएम) गाठते का आणि तापमान स्थिर राहते का, हे काही मिनिटे पाहा. तापमान चढले, तर पाण्याच्या तोंडाची जाळीही तपास, कारण १९८८मध्ये या सरोवरांत प्रथम सापडलेले झेब्रा शिंपले तिथे चिकटून बसतात.

शनिवारी जाशील तेव्हा पंपाच्या तेलाचा रंग पाहून ठेव आणि मला रात्री फोन कर.

तुझा,
काका