सासऱ्यांना केदारनाथ, नवऱ्याला लेह, आणि मधे सून

प्रश्न: मे महिन्यात आम्ही सहा जण बारा दिवसांसाठी पुण्याहून निघणार आहोत. सासरे ७२ वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू. त्यांना केदारनाथ करायचंय. नवऱ्याला विमानानं थेट लेह गाठायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सहा वर्षांच्या मुलीला गाडी लागते, चौदा वर्षांच्या मुलाला फक्त मोबाइलला रेंज हवी. रोज जेवताना वाद होतो. मी ‘दोन्ही नको’ म्हटलं, तर विरस केल्याचं खापर माझ्यावर फुटेल. शिवाय तिथंही स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडेल, ही धास्ती आहेच. काय करू?

उत्तर:

ताई, बापलेक भांडतायत खरे, पण उंचीच्या हिशेबात दोघांचा हट्ट एकच आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. आपलं पुणं जेमतेम ५६०. विमानानं एका दिवसात लेहला उतरलं, की शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसांत पाणी साठण्यापर्यंत मजल जाते. केदारनाथला तर गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरहून जास्त चढण.

हे तुम्ही सांगू नका. ‘बाबांना झेपणार नाही’ हे बायकोच्या तोंडून ऐकायला कुठल्याच मुलाला आवडत नाही. सासऱ्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नवऱ्यालाच त्यांच्याबरोबर पाठवा, दोन्ही ठिकाणांची उंची कागदावर लिहून. तिथं जे ठरेल, त्यावर घरी वाद होणार नाही.

पर्याय हातात ठेवूनच बोला. मी उत्तराखंडातला कुमाऊँ भाग सुचवेन. दिल्लीहून रेल्वेनं काठगोदाम, पुढे गाडी. मुक्काम दोनच: चार रात्री मुक्तेश्वरच्या बाजूला, तीन अल्मोड्यात. दोन्ही २,३०० मीटरच्या आत. अल्मोड्याहून जागेश्वर पस्तीसेक किलोमीटर. देवदारांच्या सावलीत शंभराहून जास्त दगडी मंदिरं आणि फिरणं बहुतेक सपाटीवर. सासऱ्यांचा महादेव तिथं भेटतो, सासूबाईंचे गुडघेही वाचतात. नैनीतालला शनिवार-रविवारी फिरकू नका, दिल्लीची गर्दी उसळते. नवऱ्याला एक आधीच सांगून ठेवा: मेमध्ये वणव्यांचा धूर आणि धुरळा असतो, बर्फाची शिखरं दिसलीच तर पहाटे. त्याचं लेह रद्द करू नका. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आत, एखाद्या वर्षी नवऱ्यानं आणि मुलानं दोघांनीच जावं. उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम.

गाडीचं नीट ऐका, निम्मी भांडणं तिथंच होतात. सहा माणसं आणि सामान इनोव्हात बसतं ते कागदावर. प्रत्यक्षात मागच्या रांगेत पाय दुमडून बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी चिडतो, आणि मळमळही तिथंच जास्त होते. बारा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. घाटात ताशी पंचवीस-तीसचा वेग धरा, म्हणजे शंभर किलोमीटरला चार तास. दिवसाला त्यापुढे जाऊ नका आणि अंधारात घाट नको. मुलीला पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवा. निघण्याआधी तेलकट पराठा नको, कोरडं काहीतरी थोडंसं द्या. वळणांवर हातात मोबाइल किंवा पुस्तक देऊ नका. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या आधी.

आता तुमच्या धास्तीचं. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेऊच नका. ‘स्वस्त पडेल, आपलं आपण करू’ यातलं ‘आपण’ म्हणजे तुम्ही. नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यात धरलेला होमस्टे घ्या. रेल्वेसाठी दशम्या, कोरडी चटणी, गूळपोळ्या पुरेत. दहीभात मेच्या उन्हात आंबतो. मुक्कामात चतुर्थी किंवा एकादशी येत असेल, तर साबुदाणा, भगर, दाण्याचं कूट बरोबर ठेवा, डोंगरात ऐनवेळी मिळेलच असं नाही. बाकी कामं नावानिशी वाटून टाका: सासऱ्यांनी दोघांच्या गोळ्यांचा डबा सांभाळायचा आणि जादा आठवड्याच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, नवऱ्यानं तिकिटं आणि पैसे, मुलानं धाकटीची बॅग. प्रत्येक मुक्कामी एक दुपार तुमची एकटीची. ती निघण्याआधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवा, तिथं गेल्यावर मागितली तर मिळत नाही.

होमस्टेवाल्याला फोनवर एवढं विचाराच: गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? पहाडात घरं रस्त्याच्या वर नाहीतर खाली असतात, आणि चाळीस पायऱ्या म्हणजे सासूबाई खोलीतच अडकल्या. व्हिडिओ मागवा.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. १० मेला निघायचं असेल तर ११ मार्चला. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ एका तिकिटावर एक-दोन ज्येष्ठच असतील तर मिळतो. सहा जणांच्या तिकिटावर तो हातचा जातो. परतीचं आरक्षण वेगळ्या तारखेला उघडेल, तीही आत्ताच कॅलेंडरवर लिहून टाका.