वर चढण्याआधी खालून बघ

चि. ... यास अनेक आशीर्वाद,

4 मार्चच्या सुरक्षा दिनासाठी तू माझ्याकडे चार घोषवाक्यं मागितलीस. भोसरी-चाकणच्या शेडवर पत्रे ठोकण्यात माझा जन्म गेला, पण भिंतीवरचं वाक्य वाचून कुणी सेफ्टी बेल्टचा हुक अडकवलेला मी पाहिला नाही. 1966 साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो दिवस. बिल्ले लागतात, शपथ होते, फोटो निघतात आणि पाच तारखेला जो तो आपापल्या वाटेने वर चढतो. त्यात तुझ्या गँगमधली निम्मी पोरं बिहारची आणि फलक मराठीत! तेव्हा घोषवाक्यं नाही देत. दुसरं सांगतो.

आधी पैशाचं बोलू. तू गँगला फुटावर पैसे देतोस. म्हणजे दोर बांधण्यात आणि फळ्या सरकवण्यात जो तास जातो, तो त्या फिटरच्या खिशातून जातो. एका हाताने बेल्ट द्यायचा आणि तो घातला म्हणून दुसऱ्या हाताने दंड घ्यायचा, असा हा हिशोब आहे. दोर, जाळी, फळ्या यांचा वेळ रोजावर धर आणि कोटेशनमध्ये त्याची ओळ वेगळी लिही. मालक कुरकुरेल. ती ओळ खोडायचीच असेल तर त्याला स्वतःच्या हाताने खोडू दे. बहुतेकांचा हात अडखळतो, हा माझा अनुभव.

आता पत्र्याचं. कडेला सगळेच घाबरतात, नवा बिगारीसुद्धा. माणूस जातो तो शेडच्या मधोमध, पायाखालून. जुना सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो, पण उन्हापावसाने ठिसूळ झालेला असतो. बोल्टच्या रांगेवरून चाललं की खाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी तुळई असते, पत्रा तुटत नाही, असं पोरं म्हणतात. मीही म्हणायचो. पण पाय चार बोटं इकडेतिकडे पडायला कितीसा वेळ लागतो? फळी हवीच, आणि ती दोन पर्लिनींवर टेकलेली हवी. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा तर त्याहून दगाबाज. त्याच्यावर धूळ आणि शेवाळ बसलं की वरून तो शेजारच्या पत्र्यापासून ओळखू येत नाही. खालून मात्र लख्ख दिसतो. म्हणून सकाळी शिडी लावण्याआधी सगळ्या गँगला शेडच्या आत ने, माना वर करायला लाव, कितव्या रांगेत कितवा पत्रा उजेडाचा आहे ते मोजून कागदावर काढ. मग वर त्याच जागांवर लाल रंगाचे पट्टे मार. दहा मिनिटांचं काम आहे. कुठल्याही भाषणापेक्षा गँगच्या हे जास्त लक्षात राहतं, कारण ते त्यांनी स्वतः मोजलेलं असतं.

माझी एक चूक सांगतो. पत्रा फुटला की मी त्याची किंमत मजुरीतून कापायचो. शिस्त लागेल असं वाटायचं. एकाने तडा गेलेल्या पत्र्यावर गुपचूप डांबर फासलं आणि दुपारी दुसऱ्याचा पाय नेमका तिथे पडला. छातीपर्यंत खाली गेला, काखेत पर्लिन अडकली म्हणून वाचला. दोन बरगड्या मोडल्या. डांबर त्या पोराने फासलं खरं, पण फासायला मी लावलं होतं. त्या दिवसापासून फुटलेल्या पत्र्याचे पैसे कापणं बंद केलं. तडा दाखवणाऱ्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्यायचो. महिन्याभरात इतके तडे कळायला लागले की मलाच घाम फुटला.

बेल्टचं गणितही समजून घे. त्याची दोरी 1.8 मीटरची. झटका बसला की शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे दोरीला जोडलेली झटका शोषणारी घडी, आणखी पावणेदोन मीटरपर्यंत उलगडू शकतो. बेल्टच्या पाठीवरच्या कडीपासून टाचेपर्यंत दीड मीटर धर. हुक पायाशी अडकवलेला असेल तर पाच मीटर इथेच संपले, पायाखाली मीटरभर मोकळी जागा हवी ती वेगळीच. तुझी नवी शेड पाच मीटर उंचीची आहे ना? मग तिथे हा बेल्ट फक्त साहेबांना दाखवायला. तिथे दोरी आखूड ठेव, कडेपर्यंत पोचूच नये इतकी, आणि खाली जाळी बांध. बेल्टमध्ये कुणी लटकलाच तर त्याला काही मिनिटांत खाली उतरवावं लागतं. नुसतं लटकून राहणंही जिवावर बेततं. शिडी कुठली, धरणार कोण, हे सकाळीच ठरव.

सकाळच्या दवात लोखंडी पत्रा निसरडा असतो, वाऱ्यात हातातला पत्रा शीड होतो. हे तुला ठाऊक आहे, लांबण लावत नाही.

एक मात्र बघ. कुणी 'डर लग रहा है' म्हणाला की गँग हसते. तू हसू नकोस. त्याला खाली घे, जमिनीवरचं काम दे, रोज पूर्ण लाव. आणि तू स्वतः 'दोनच मिनिटं' म्हणून हुकाशिवाय वर जाऊ नकोस. सगळे तुझ्या कमरेकडेच बघत असतात.

रविवारी जेवायलाच ये. माझ्याकडे आडव्या पट्ट्या ठोकलेल्या चार फळ्या पडून आहेत, त्या टेम्पोत घालून ने. एकीची पट्टी सैल झाली आहे, ती वर नेण्याआधी ठोकून घे.

तुझा,
काका