‘फॉग’ नावाची नोकरी शोधू नकोस

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आयओटीसाठी (इंटरनेटला जोडलेली यंत्रं आणि सेन्सर) फॉग आणि क्लाउड एकत्र वापरण्यावर प्रोजेक्ट करायची इच्छा आहे. पण नोकरीच्या जाहिरातींत ‘फॉग’ हा शब्दच दिसत नाही. मैत्रिणी म्हणतात, सरळ क्लाउडचं सर्टिफिकेट घे. काय करू?

उत्तर : तुझं निरीक्षण बरोबर आहे. फॉग म्हणजे डेटावरचं काम दूरच्या क्लाउडऐवजी यंत्रांच्या जवळच करणं. सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे नाव पुढे आणलं. ढग जमिनीलगत उतरला की त्याचं धुकं होतं, एवढीच त्यातली गंमत. २०१८ मध्ये त्यासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १९३४ क्रमांकाचं मानकही आलं, पण बाजारात ‘एज’ (नेटवर्कच्या कडेला, यंत्रापाशीच होणारं काम) हाच शब्द चालला. काटेकोरपणे दोन्ही एक नव्हेत, तरी शोधताना एज, एम्बेडेड, आयओटी गेटवे असे शब्द टाकून बघ.

आता मुद्द्याचं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. डेटा सेंटर १००० किलोमीटरवर असेल, तर जाण्यायेण्यातच १० मिलिसेकंद गेले. हे एकवेळ चालेल, पण लाइनच तुटली तर? जास्त थरथरणारी मोटर थांबवायचा निर्णय जवळच्या गेटवेनेच (सेन्सर आणि इंटरनेट यांच्यामधला छोटा संगणक) घ्यायला हवा. उलट ती मोटर महिन्याभरात बिघडेल का, हे ओळखणारं मॉडेल शेकडो मोटरींच्या जुन्या नोंदींवर क्लाउडमध्ये तयार करायचं आणि मग गेटवेवर उतरवायचं. कुठलं काम कुठे ठेवायचं, हे ज्याला कळतं त्याला कंपन्या शोधत असतात, पदाचं नाव काहीही असो.

म्हणून प्रोजेक्ट कर, पण नुसत्या सिम्युलेटरवर नको. आयफॉगसिमसारख्या सिम्युलेटरमधले आलेख रिपोर्टात छान दिसतात, मुलाखतीत मात्र दोन प्रश्नांत उघडे पडतात. एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक, हाच तुझा गेटवे), दोन सेन्सर आणि एमक्यूटीटी (यंत्रांनी एकमेकांना छोटे निरोप पाठवायची पद्धत) पुरे. मग मुद्दाम दहा मिनिटं नेट बंद कर. नोंदी साठतात का? नेट आल्यावर क्रमाने वर जातात का? एमक्यूटीटीच्या क्यूओएस १ वर (निरोप किमान एकदा पोचेल, एवढीच हमी) एकच निरोप दोनदा पोचू शकतो, तो कसा ओळखशील? या दहा मिनिटांवर रिपोर्टाची चार पानं सहज होतील, आणि तीच सगळ्यात वाचनीय असतील.

सर्टिफिकेट सुट्टीत घे, हरकत नाही. त्याआधी लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं कर. आणि हो, रास्पबेरी पायचा पासवर्ड सोपा ठेवू नकोस. क्लाउडचा सर्व्हर पहाऱ्यात असतो, गेटवे भिंतीला टांगलेला असतो. परीक्षक हे विचारतीलच.